काकूंचा आर्ग्युमेंटचा पेपर

ड्राफ्टकाकांनी आयुष्यात कधी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. 'हो'सुद्धा म्हटलं नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात त्यांची आजवरची सगळी नोकरी झाली होती. तिथे 'हो' म्हणणारा पुढेमागे अडकतो आणि 'नाही' म्हणणारा त्याच दिवशी अडकतो, हे शहाणपण त्यांना रुजू झाल्या झाल्याच आलं होतं. 'आपल्या पत्रातील मजकुराची नोंद घेण्यात आली असून त्याबाबत यथावकाश उचित विचार करण्यात येईल' हे वाक्य ते मराठीत आणि इंग्रजीत सारख्याच सफाईने लिहीत. नळाला पाणी नाही म्हणून तावातावाने लिहिणारा माणूस त्यांचं उत्तर वाचून, आपलंच काहीतरी चुकलं असावं अशा समजुतीने गप्प बसे. साहेब लोक बदलून गेले, काकांचे मसुदे राहिले. इमारतीतही कुणाला अर्ज लिहायचा असला की पावलं त्यांच्याच दाराकडे वळत. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाट्या वाचतो कोण! लहानथोर सगळे त्यांना ड्राफ्टकाका म्हणत आणि काकांनाही ते एखाद्या पदवीसारखं वाटे.

खरी पदवी अडली होती ती काकूंची. एका इंग्रजीच्या पेपरापायी. तो पेपर द्यायच्या वेळी लग्न ठरलं, मग संसार झाला, मग छोटी झाली, आणि आता छोटी स्वतः कॉलेजात जाऊन आईबापांना अक्कल शिकवण्याइतकी मोठी झाली, तरी पेपर आपला तिथेच. काकू जवळच्या बालवाडीत हंगामी शिक्षिका होत्या. हंगाम संपायचं नाव घेत नव्हता. पण या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी काकूंना बोलावून सरळ सांगितलं, "बाई, तुमच्यासारखं मुलांना कुणी सांभाळत नाही, ते मला दिसतंय. पण पदवी नसेल तर पुढच्या वर्षी मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. पेपर काढा, मी तुम्हाला कायम करते."

काकू घरी आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "मी परीक्षेला बसतेय."

"अगं, मग मी आहे ना!" काका म्हणाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. काकूंनी काकांकडे मदत मागितली नव्हती. त्यांनी शनिवार-रविवारचा क्लास स्वतःच शोधला होता आणि तिथे नावही घालून आल्या होत्या. पण घरात इंग्रजीचा एवढा जाणकार बसलेला असताना बायकोने बाहेर शिकायला जावं, हे काकांच्या मनाला लागलं. त्यांनी क्लासला 'पूरक व्यवस्था' असं नाव दिलं आणि मुख्य व्यवस्था स्वतःकडे घेतली.

अभ्यासाचे भाग तीन. साहित्यातल्या संज्ञा, व्याकरण आणि आर्ग्युमेंट, म्हणजे एखादी बाजू घेऊन ती पटवून देणारा निबंध.

पहिल्या भागात काकांना शिकवायला काही उरलंच नाही, कारण काकूंना सगळी उदाहरणं घरातच सापडली. मेटाफर आणि सिमिली, म्हणजे रूपक आणि उपमा, यांतला फरक त्यांनी एका दुपारी संपवला. हायपरबोल, म्हणजे वाढवून बोलणं, याच्यापुढे त्यांनी वहीत लिहिलं, 'हे म्हणतात, कार्यालय माझ्या एकट्याच्या डोक्यावर चालतं.' अंडरस्टेटमेंट, म्हणजे कमी करून बोलणं, 'माझ्या नणंदबाई म्हणतात, मी काय, एक-दोन दिवसच राहीन.' पर्सॉनिफिकेशनला, म्हणजे निर्जीव वस्तूला माणूस मानण्याला, 'आमचा गीझर रुसलाय'. आणि आयरनीला उदाहरण शोधताना त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि लिहिलं, 'पाणीपुरवठा कार्यालयातल्या माणसाच्या घरी टँकर.'

"ही उदाहरणं परीक्षेत चालणार नाहीत," काका म्हणाले.

"का? चुकीची आहेत?"

"बरोबर आहेत. म्हणूनच."

छोटी इतकी हसली की तिला ठसका लागला. काकांनी तिला पाणी दिलं, पण मनातून ते जरा खट्टू झाले.

व्याकरणात मात्र त्यांचा दबदबा होता. कर्मणी प्रयोग तर त्यांचा जीव की प्राण. काकूंनी 'मी खिडकी उघडली' असं इंग्रजीत लिहिलं की काका ते 'खिडकी उघडण्यात आली' करत. "हे बघ, 'मी' कधी लिहायचं नाही. कागदावर 'मी' आलं की लोक घर शोधत येतात." काकू म्हणायच्या, "अहो, पण खिडकी मीच उघडली ना?" "उघडली असशील. पण ते लिहून द्यायची काय गरज आहे?"

परीक्षेची बातमी एव्हाना इमारतीभर झाली होती आणि सल्ले सुरू झाले होते. समोरच्या दारातल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनींचं म्हणणं, सकाळी उठून इंग्रजी पेपर मोठ्याने वाचावा, अर्थ नाही कळला तरी चालेल, जीभ तयार होते. काकूंनी तो प्रयोग केला तेव्हा शेजारच्या घरातून घाबरून विचारणा झाली की काय झालंय, कुणाला वाईट बातमी आली का. तळमजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले, "इंग्रजीतून विचार करायला शिका, वहिनी. मी तर स्वप्नंही इंग्रजीत बघतो." काकूंनी दिवसभर इंग्रजीतून विचार करायचा प्रयत्न केला, टोमॅटो, बटाटा, साबण यापलीकडे विचार जाईना.

मग आलं आर्ग्युमेंट. क्लासमध्ये विषय दिला होता, 'शाळेत मोबाइल असावा का?' काकूंना या विषयावर मत होतं, आणि चांगलं खणखणीत होतं. त्यांनी लिहिलं की नसावा, कारण परवाच बालवाडीतल्या एका पोराने पाटीवर काढलेलं फूल दोन बोटांनी ताणून मोठं करायला बघितलं आणि ते होईना तेव्हा पाटी बिघडली म्हणून भोकाड पसरलं.

काकांनी निबंध वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिहिलंयस छान. पण फारच उघडं लिहिलंयस. तू 'नसावा' म्हणून मोकळी झालीस. उद्या तपासणाऱ्याचं मत 'असावा' असलं तर?"

"तर त्याला पटवायचं. त्यालाच आर्ग्युमेंट म्हणतात ना?"

"अगं, समोरच्याला न दुखवता त्याला निघून जायला वाट ठेवणं, ही खरी कला," असं म्हणून त्यांनी पेन उघडलं. तासाभराने निबंधातलं फूल गेलं, पाटी गेली, पोरगं गेलं आणि भोकाडही गेलं. उरलं ते एवढंच, की मोबाइलचे फायदे दुर्लक्षून चालणार नाहीत, तोटेही नजरेआड करता येणार नाहीत, आणि याबाबत सर्व संबंधितांनी साकल्याने विचार करणे उचित ठरेल.

पुढच्या रविवारी निबंध तपासून आला. क्लासच्या मॅडम वयाने छोटीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी पानावर कुठेच काही चूक दाखवली नव्हती. फक्त खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'फार सभ्य लिहिलंय. पण तुम्हाला हवंय काय?' आणि मार्क इतके कमी दिले होते की काकूंनी पान काकांपुढे ठेवताना त्यावर अंगठा धरला.

काकांना हे जिव्हारी लागलं. मार्कांचं काही नाही, मार्क काकूंचे होते. पण मसुदा त्यांचा होता! "नोकरी किती झाली त्या मुलीची?" त्यांनी विचारलं. "बदलीचा अर्ज लिहून बघ म्हणावं एकदा." संध्याकाळी जेवताना त्यांनी भाजीत मीठ नाही असंही म्हटलं नाही, इतके ते दुखावले होते. आणि त्याच दुखावलेल्या अवस्थेत त्यांना ती कल्पना सुचली.

त्याचं असं झालं, की त्यांच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या घरात, दातांचे डॉक्टर राहत. डॉक्टरांनी घराचं नूतनीकरण काढलं होतं. दिवसभर ते दवाखान्यात लोकांच्या दातांना ड्रिल लावत आणि संध्याकाळी घरी आले की कामगार त्यांच्या भिंतींना ड्रिल लावत. बरोबर सहा ते आठ. आणि काकूंना अभ्यासाला मिळणारी वेळही तीच. वर घर्रर्र सुरू झालं की खाली टेबलावरचं पेन आपलं आपण सरकायला लागे. काकू कानात कापूस घालून शब्द पाठ करत आणि कापूस काढला की शब्दही निघून जात.

"आपण प्रॅक्टिकल करू," काका म्हणाले. "खरा विषय, खरी मागणी. ड्रिलच्या वेळेबद्दल तू इंग्रजीत अर्ज लिही. आर्ग्युमेंटचा सरावही होईल आणि ड्रिलही थांबेल. मग बघू तुझ्या मॅडम काय म्हणतात."

कल्पना खरोखर चांगली होती. काकूंनी लगेच लिहून दिलं, 'डॉक्टरसाहेब, परीक्षेपर्यंत संध्याकाळी सहा ते आठ ड्रिल बंद ठेवा. मला अभ्यास करायचा आहे.'

"हा काय अर्ज आहे? ही तर धमकी झाली!" काकांनी कागद दोन बोटांनी उचलला. "आणि थेट डॉक्टरांना? पत्र योग्य मार्गाने गेलं पाहिजे. सेक्रेटरींच्या नावे."

"अहो, डॉक्टर वर राहतात. सेक्रेटरी खाली."

"वर जायचं असेल तर पत्राने आधी खालीच जायला हवं," काका म्हणाले, आणि त्यांनी पेन उघडलं.

मूळ इंग्रजी इतकं गुळगुळीत उतरलं होतं की त्याच्यावर कुठे बोट ठेवावं ते कळत नव्हतं. मराठीत त्याचा गोषवारा असा: रहिवाशांनी आपापल्या घरांत सुधारणा करणे ही अत्यंत स्वागतार्ह बाब आहे. अशा कामांत काही ध्वनी निर्माण होणे स्वाभाविक असून त्याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तथापि, संध्याकाळची वेळ विचारात घेता, या कामांबाबत समितीने योग्य तो निर्णय घ्यावा व सर्वांनी परस्परांस सहकार्य करावे. परीक्षेचा उल्लेख काकांनी मुद्दाम टाळला होता. घरगुती बाबी पत्रात आणायच्या नसतात.

काकूंनी पत्र वाचलं. "यात आपलं मागणं कुठं आहे?"

"'तथापि'च्या पुढे," काका म्हणाले. "समजणाऱ्याला समजतं."

सेक्रेटरी समजणाऱ्यांपैकी होते. त्यांची सारी हौस म्हणजे जिन्याखालचा काचेचा सूचना फलक. त्याला कुलूप होतं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात. इतकी वर्षं त्या फलकावर पाण्याच्या वेळा आणि हरवलेल्या छत्र्या यांखेरीज काही लागलं नव्हतं. त्यात हे पत्र आलं. त्यांनी ते वाचलं आणि त्यांना भरून आलं. डोक्यावर ड्रिल चालू असताना एखादं कुटुंब सुधारणांचं स्वागत करतं, आवाजाची जाणीव असल्याचं कळवतं आणि वर सहकार्याचं आवाहन करतं! दुसऱ्या दिवशी पत्र काचेमागे लागलं, आणि त्याच्याखाली सेक्रेटरींची सूचना: 'या अनुकरणीय पत्रापासून प्रेरणा घेऊन समितीने असा निर्णय घेतला आहे की, ज्यांची दुरुस्तीची कामे शेजाऱ्यांच्या संकोचापोटी थांबली असतील, त्यांनी ती संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत निःसंकोच करून घ्यावीत.'

आणि लोकांनी घेतली की! बँकेतल्या वहिनींचं भिंतीतलं कपाट कधीपासून राहिलं होतं. तळमजल्यावर फरशी उखडली होती. कुणाला गॅलरीची जाळी बसवायची होती, तर कुणाकडे काहीच काम नव्हतं, पण सगळे करताहेत म्हणून त्यांनीही एक खिळा ठोकून घेतला. सहा वाजले की इमारत थरथरायला लागे. वहिनी जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी काकूंचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यामुळे हो! नाहीतर आम्हाला बाई तुमच्या परीक्षेचाच संकोच वाटत होता."

काकू घरी आल्या आणि काही न बोलता काकांसमोर उभ्या राहिल्या. त्या काही न बोलता उभ्या राहिल्या की काकांना ते भांडणापेक्षा जड जायचं.

"स्पष्टीकरणाचं पत्र पाठवतो," काका घाईघाईने म्हणाले.

"अहो, जाऊन सांगा ना तोंडी! दोन वाक्यांचं काम आहे."

"लेखी गेलेल्या गोष्टीला तोंडी उत्तर? कसं दिसेल ते?"

दुसऱ्या पत्रात त्यांनी लिहिलं की, आमच्या पूर्वीच्या पत्रास लाभलेला प्रतिसाद पाहून आम्ही भारावून गेलो आहोत. तथापि, सदर कामांचे सुसूत्रीकरण होण्याची निकड नाकारता येणार नाही. त्यांच्या मते हे अगदी कडक पत्र होतं. 'निकड' हा शब्द त्यांनी नोकरीत फार क्वचित वापरला होता.

सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी समितीची तातडीची बैठक घेतली आणि ड्राफ्टकाकांची इमारतीच्या नूतनीकरणाचे मुख्य सुसूत्रक म्हणून एकमताने निवड केली.

आता सहा वाजले की ड्रिल वर, खाली, आजूबाजूला तर वाजेच, शिवाय दाराची घंटाही वाजू लागली. गवंडी विचारायला येई, वाळू कुठं टाकू. सुतार येई, वहिनी म्हणतात कप्पे चार, त्यांचे मिस्टर म्हणतात पाच, तुम्ही सांगाल तसं करतो. काका सुताराला म्हणाले, "दोन्ही बाजूंचा विचार करता मध्यम मार्ग काढावा." सुताराने साडेचार कप्पे केले. अर्ध्या कप्प्यात काय ठेवायचं ते वहिनींना बरेच दिवस उमगलं नाही. डॉक्टरांचा नळवालाही येई आणि त्याच्याशी बोलताना काकांचा आवाज चढे, कारण नळ म्हणजे त्यांच्या खात्याचा विषय. या सगळ्यात काकू स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही उघडून उभ्या राहत, बाथरूममध्ये स्टूल टाकून बसत, एकदा तर कपाटाचं दार उघडून त्याच्याआड उभ्या राहून शब्दांचे अर्थ पाठ करताना सापडल्या. क्लासमधल्या सराव परीक्षेत त्या नापास झाल्या. तिन्ही भागांत. ज्या संज्ञा घरादाराच्या उदाहरणांसकट तोंडपाठ होत्या, त्यासुद्धा आठवल्या नाहीत.

त्या संध्याकाळी काकूंनी उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. गवंडी दारात उभा होता. काका त्याला सांगत होते की वाळूबाबत लवकरच कळवण्यात येईल.

"त्यांना जाऊ द्या," काकू म्हणाल्या. गवंडी गेला. दार लागलं. "माझी नोकरी जाईल. कळतंय का तुम्हाला? ती पोरं मला आवडतात. मला तिथंच राहायचंय. इतकी वर्षं हा पेपर माझ्या मानेवर बसलाय आणि आत्ता कुठे मी उठले होते. तुम्ही मला शिकवू नका. माझ्यासाठी एक अक्षरही लिहू नका."

"मी तुझ्यासाठीच तर..."

"बाबा," छोटी हळूच म्हणाली, "तुमच्या दोन्ही पत्रांत आईचं नावसुद्धा नाहीये."

काका गॅलरीत गेले आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढून पुन्हा तसेच वाळत घालत बसले. आपण खात्याला आयुष्यभर अडचणीतून सोडवलं आणि घरच्या माणसाला मात्र भर अडचणीत नेऊन ठेवलं, हे त्यांना दिसत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. बायकोला तसं जाऊन सांगावं असंही वाटलं, पण वाक्याची सुरुवात कशी करावी ते सुचेना. जे सुचत होतं त्याची सुरुवात 'खेदाने नमूद करावेसे वाटते की' अशी होती.

आत काकूंनी कोरा कागद घेतला. ड्रिलची घर्रर्र ऐन रंगात असताना त्यांनी तो एका बैठकीत लिहून काढला. कुणाला दाखवला नाही. पदर खोचला, दार उघडलं आणि सरळ जिना चढून वर गेल्या. छोटी त्यांच्या मागोमाग, आणि काका त्यांच्यामागे आठ-दहा पायऱ्या ठेवून, जणू काही गच्चीवर टाकी बघायला निघालेत.

डॉक्टरांनी दार उघडलं. अंगभर धूळ, डोळ्यांवर दवाखान्यातला चष्मा.

"डॉक्टर, मी आर्ग्युमेंट आणलंय," काकू म्हणाल्या. "इंग्रजीत लिहिलंय, पण तुम्हाला मराठीत सांगते. मला परीक्षेपर्यंत संध्याकाळी सहा ते आठ ड्रिल बंद हवंय. कारण, या परीक्षेवर माझी नोकरी आहे आणि मला अभ्यासाला तेवढीच वेळ मिळते. आता तुम्ही म्हणाल, दिवसा काम करायचं तर कामगारांना दार कोण उघडणार? तुम्ही दवाखान्यात, तुमच्या मिसेस नोकरीमुळे दुसऱ्या गावी. बरोबर?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "तेच तर."

"दुपारी मी बालवाडीतून आले की घरीच असते. किल्ली माझ्याकडे द्या. मी दार उघडीन, काम बघीन, चहाही देईन."

"पण मग दुपारी आवाज होईल. तुम्हाला दुपारी अभ्यास नाही का करता येणार?"

"दुपारी मला उद्याच्या वर्गासाठी कागदाचे ससे आणि हत्ती कापायचे असतात. त्याला डोकं लागत नाही, ड्रिल चाललं तरी ससा कापता येतो. पण दुपारी ते कापले नाहीत तर संध्याकाळी कापावे लागतात आणि अभ्यास राहतो. म्हणून ड्रिल दुपारी आणि अभ्यास संध्याकाळी."

डॉक्टरांनी चष्मा डोक्यावर चढवला. मग ते असे हसले की त्यांच्या केसांतली धूळ खाली पडली. "अहो वहिनी, एवढंच होतं? मला तर उलट रोज संध्याकाळी कामगारांच्या मागे उभं राहायचा वैताग आलाय! मग हे आधीच का नाही सांगितलंत? ते काचेतलं पत्र मी चारदा वाचलं. मला वाटलं तुम्हाला माझं ड्रिल आवडतं."

काकू, छोटी आणि डॉक्टर, तिघांनीही जिन्याकडे बघितलं. काका टाकी बघायला गच्चीवर गेले.

उरलेलं काम काकूंनी तासाभरात उरकलं. प्रत्येक दारात त्याच तऱ्हेने: मला हे हवंय, या कारणासाठी, तुम्ही असं म्हणाल, त्यावर माझं उत्तर हे. वहिनी तर ओशाळल्या. "अगं बाई, आम्ही तुमच्याच शब्दाखातर संध्याकाळी सुरू केलं होतं!" फक्त सेक्रेटरी कुरकुरले की हे समितीमार्फत यायला हवं होतं. काकूंनी विचारलं, "समितीचं काही म्हणणं आहे का?" सेक्रेटरींनी आठवून बघितलं आणि नाही म्हणाले. काचेतलं पत्र निघालं. काकांचं सुसूत्रकपद मात्र कागदोपत्री राहिलं, कारण एकमताने केलेली निवड रद्द कशी करायची याबद्दल नियमांत काही नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी सहा वाजता इमारतीत अशी शांतता पसरली की छोटी म्हणाली, कान दुखतायत. काकू टेबलाशी बसल्या. काकांना काही काम उरलं नव्हतं. त्यांनी न विचारता भाजी चिरली, न बोलता चहा करून टेबलावर ठेवला आणि वहीत न डोकावता परत गेले. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. एकदा काकूच म्हणाल्या, "अहो, जरा प्रश्न विचारा बघू मला," तेव्हा ते इतक्या लगबगीने आले की चपला उलट्या पायांत घातल्या गेल्या.

परीक्षेच्या दिवशी काका स्कूटरवरून काकूंना सोडायला गेले. केंद्राच्या फाटकाबाहेर एका झाडाखाली पेपर संपेपर्यंत उभे राहिले. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना शाई आणि तोंडावर हसू होतं.

"आर्ग्युमेंटला काय होतं?"

"मोठ्या वयात पुन्हा शिकावं का, असं होतं."

"दोन्ही बाजू मांडल्यास ना?"

"मांडल्या. पण घेतली एकच," काकू म्हणाल्या आणि स्कूटरवर बसल्या.

परीक्षा झाली आणि काकूंनी डॉक्टरांना किल्ली परत नेऊन दिली. शब्द परीक्षेपर्यंतचाच होता. डॉक्टरांचं स्वयंपाकघर अजून व्हायचं होतं, तेव्हा संध्याकाळचं ड्रिल पुन्हा सुरू झालं. आता त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. ड्रिल सुरू झालं की काकू घड्याळाकडे न बघता कुकर चढवत.

निकाल लागला तोही संध्याकाळीच. छोटीने मोबाइलवर बघितला आणि किंचाळली. काकू पास झाल्या होत्या, आणि नुसत्या पास नाही. आर्ग्युमेंटमध्ये तर क्लासमधल्या सगळ्यांत जास्त मार्क. मुख्याध्यापिकांचा फोन आला, मॅडमचा आला, नणंदबाईंचा आला, की एक-दोन दिवसांसाठी येते. वहिनींनी अर्ध्या कप्प्यात ठेवलेले पेढे आणून दिले. या गडबडीत काका कुठे दिसेनात.

ते आतल्या खोलीत बसून लिहीत होते. बऱ्याच वेळाने बाहेर आले, कागदाची व्यवस्थित घडी काकूंच्या हातात दिली आणि उगाचच खिडकीचा पडदा नीट करायला लागले.

काकूंनी घडी उघडली. 'आपण संपादन केलेल्या यशाची या घरातर्फे आनंदपूर्वक नोंद घेण्यात येत आहे. सदर यशात आपले परिश्रम महत्त्वाचे होते, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नसावा. तसेच मध्यंतरी उद्भवलेल्या काही अडचणींबाबत संबंधितांस खेद वाटत असल्याचे समजते.'

काकूंनी दोनदा वाचलं. मग छोटीच्या पेनस्टँडमधलं लाल पेन घेतलं, खाली काहीतरी लिहिलं आणि कागद परत दिला. काकांनी चष्मा सावरून बघितलं. लिहिलं होतं, 'फार सभ्य लिहिलंय. पण तुम्हाला म्हणायचंय काय?'

वर ड्रिल जोरात चाललं होतं. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"मला..." ते म्हणाले.

"काय? ऐकू येत नाही!"

"मला ना..."

"मोठ्यांदा बोला!"

काकांनी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली, डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून ओरडले. आणि नेमकं त्याच क्षणी वर भिंतीला आरपार भोक पडलं असावं, कारण ड्रिल खटकन थांबलं. त्या शांततेत काकांचा आवाज गॅलरीतून, जिन्यातून, तळमजल्याच्या उखडलेल्या फरशीपर्यंत खणखणीत पोहोचला.

"मी चुकलो! आणि मला तुझा फार अभिमान वाटतो!"

काका लालबुंद होऊन उभे होते. काकूंचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. वरून डॉक्टरांच्या घरातल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मग खालून सेक्रेटरींचा आवाज आला.

"ड्राफ्टकाका! वा! फारच छान! लेखी द्या, फलकावर लावतो!"

काकू गॅलरीत गेल्या आणि कठड्यावरून खाली वाकल्या.

"लेखी नको, भावजी," त्या म्हणाल्या. "तोंडी मिळालंय."